‘भूक’ शब्दाच्या पोटात काय आहे?

परवा एका मित्राने ‘इस्यूरियन्स’ हा इंग्रजी शब्द पाठवला. अर्थ: भूक, हावरेपणा. आज तो कुणी वापरत नाही; वापरलाच तर विनोदासाठी. सोबत नेहमीची पुस्ती होती, ‘हाही शब्द मूळचा संस्कृतच!’

तसं नाही. तो लॅटिनमधून आला आहे. लॅटिनमध्ये ‘एदो’ म्हणजे मी खातो आणि ‘एसुरिओ’ म्हणजे मला खावंसं वाटतं, अर्थात भूक लागली आहे. क्रियापदालाच इच्छेचा प्रत्यय जोडायचा! डॉक्टरांचे ‘मिक्च्युरिशन’ (लघवी) आणि ‘पार्च्युरिशन’ (प्रसूती) हे शब्दही मुळात असेच इच्छादर्शक.

गंमत पुढे आहे. संस्कृतातही भुकेचा शब्द असाच घडला, पण धातू वेगळा आणि रीतही वेगळी. पाणिनीचा ‘सन्’ प्रत्यय इच्छा दाखवतो. तो लागला की धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं: ज्ञा–जिज्ञासा, पा–पिपासा. ‘भुज्’ म्हणजे खाणे. दुप्पट केल्यावर ‘भुभुज्’ व्हायला हवं, पण लागोपाठ दोन महाप्राण (‘ख’, ‘भ’ अशी ‘ह’कार मिसळलेली व्यंजनं) चालत नाहीत, म्हणून पहिल्या ‘भ’चा ‘ब’ होतो. ग्रीकमध्येही असंच घडतं. हा नियम ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने १८६३ साली मांडला. शेवटच्या ‘ज्’चा ‘स’पुढे ‘क्’ होतो, ‘क्’मागून आलेल्या ‘स’चा ‘ष’ होतो, आणि तयार होते बुभुक्षा. प्राकृतात झिजत झिजत तिची हिंदीत ‘भूख’ झाली. मराठीने शेवटचा ‘ह’कारही टाकला, जसा ‘हाथ’चा ‘हात’ केला, आणि उरली भूक.

मग लॅटिन ‘एदो’चा खरा भाऊबंद कोण? ‘अद्’, ज्यातून आपलं ‘अन्न’ आलं. इंग्रजी ‘ईट’ही त्याच कुळातला. पण ‘सन्’ लावताना पाणिनी ‘अद्’ला बाजूला सारून ‘घस्’ आणतो आणि ‘जिघत्सा’ मिळते. म्हणजे नातं आहे ते चुलत भावंडांचं. संस्कृत इंग्रजीची आई नव्हे, हे आपल्या फॉरवर्डबहाद्दरांना कितीदा सांगायचं?

‘सत्तेची भूक’ म्हणताना मात्र ‘भुज्’मधलं खाणं आपण विसरतो, फक्त ‘सन्’ची इच्छा तेवढी उरते. अर्थात काही राजकारण्यांच्या बाबतीत धातूचा मूळ अर्थही शाबूत असतो.