दाराजवळचा वजनकाटा कुठं गेला, आणि रिकाम्या पोटी बॅचला का घेत नाही

नमस्कार. हे पत्रक सोलापुरातल्या आपल्या व्यायाम सेंटरच्या बॅचमधल्या सगळ्या काका-मावशींसाठी आणि त्यांना गाडीवर सोडायला येणाऱ्या मुला-सुनांसाठी. गेले दोन-अडीच महिने एकच प्रश्न रोज येतोय आणि प्रत्येकाला तोंडी सांगत बसलं की सातची बॅच सव्वासातला सुरू होते, म्हणून शेवटी लिहून काढलं. प्रश्न असा, "मॅडम, इथला काटा कुठं गेला ओ?"

काटा आहे. आत ऑफिसमध्ये ठेवलाय. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाहेर येतो, सगळ्यांचं वजन कार्डावर लिहिलं जातं आणि परत आत जातो. आत ठेवायचं कारण म्हणजे लोक आल्या आल्या एकदा उभं राहायचे, जाताना परत एकदा उभं राहायचे, आणि पावशेर वाढलेलं दिसलं की घरी जाऊन रात्रीचं जेवण बंद. वजन दिवसात किलोभर इकडं तिकडं होतंच, आदल्या दिवशी लग्नात जेवलात, लोणचं-पापड जास्त झालं, पोट साफ झालं नाही, एवढ्यावर काटा हलतो, त्याचा चरबीशी काही संबंध नसतो. पण त्या पावशेरासाठी माणसं जेवण तोडतात, आणि तिथनं सगळा घोळ सुरू होतो.

मागच्या महिन्यातलं सांगते, नाव सांगत नाही. एक काका सकाळी शुगरची गोळी घेऊन आले, आदल्या रात्री फक्त ताक, सकाळी जिऱ्याचं पाणी, बस्स. खुर्चीवरनं उठा-बसा चालू असताना घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. मीटर लावला तर शुगर ५८, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, १५ मिनिटांनी परत बघितली, ७० च्या वर आल्यावर बिस्किटं आणि दूध दिलं, मुलाला फोन करून बोलावलं. देवाच्या दयेनं सगळं ठीक झालं. पण बाकीचे सात जण चाळीस मिनिटं घाबरून उभे होते आणि त्या दिवशी कुणाचाच व्यायाम झाला नाही. असं या वर्षात तिसऱ्यांदा झालं. तिन्ही वेळा कारण एकच, गोळी घेतली आणि खाल्लं नाही.

म्हणून आता नियम केलाय. दारात विचारणार, "काय खाल्लं?" काही खाल्लं नसेल तर आधी बाहेर बाकावर बसून केळं किंवा दोन बिस्किटं खायची, मग आत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांना हे जास्त लागू आहे कारण त्यानं शुगर खाली घसरू शकते, नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो. आपली गोळी कुठली ते माहीत नसेल तर पाकिटाचा फोटो काढून आणा, कार्डावर लिहून ठेवू. काहींना हा नियम अपमान वाटला, लहान मुलासारखं काय विचारता म्हणाले. वाईट वाटून घेऊ नका पण नियम बदलणार नाही.

आता मुद्द्याचं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की वजन उतरलं म्हणजे शुगर, बीपी, चरबीचे रिपोर्ट आपोआप सुधारले. अर्धं खरं आहे. पोट सुटलेलं असेल तर वजन ५ ते ७ टक्के जरी कमी झालं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं चार-पाच किलो, तरी रिपोर्टमध्ये फरक दिसतो. अमेरिकेत याच्यावर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे आकडे छापून आले. शुगर बॉर्डरवर असलेली तीन हजारांवर माणसं होती, त्यातल्या एका गटाला ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं किंवा तसाच व्यायाम करायचा असं टार्गेट दिलं. सरासरी तीनेक वर्षांत त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरलं, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. आणि ज्यांचं वय ६० च्या वर होतं त्यांच्यात तर ७१ टक्क्यांनी. "या वयात काय फरक पडणार ओ" म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा दाखवते.

पण वजन कसं उतरलं हे साठीनंतर फार महत्त्वाचं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. आपण जेवतो तेव्हा रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायूच, मांड्या, पाठ, कंबर यांचे मोठे स्नायू म्हणजे साखरेचं गोडाऊन समजा. जेवण तोडून वजन उतरवलं की चरबीबरोबर हे गोडाऊन पण लहान होतं, मग काटा खाली येतो, पण जेवणानंतरची साखर ठेवायला जागाच उरत नाही. परत जेवायला लागल्यावर वजन वाढतं ते बहुतेक चरबीच्या रूपानं, गेलेला स्नायू तेवढा परत येत नाही. दोन-तीनदा असं केलेल्या माणसाचं वजन तेवढंच दिसतं पण आतला हिशेब बिघडलेला असतो.

याचा पण अभ्यास झालाय, अमेरिकेतच सेंट लुईसला, २०११ साली छापून आला. ६५ च्या पुढची लठ्ठ माणसं, वर्षभर. एका गटानं फक्त डाएट केलं, एकानं फक्त व्यायाम, एकानं दोन्ही. फक्त डाएटवाल्यांचं आणि दोन्ही करणाऱ्यांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं, ९-१० टक्के. काट्यावर बघितलं तर दोघं सारखेच की! पण डाएटवाल्यांचा स्नायू वगैरे चरबी सोडून जो भाग असतो तो ५ टक्के गेला, दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्के. खुब्याच्या हाडाची घनता पण तशीच, एकीकडे ३ टक्के घट, दुसरीकडे १. आणि उठणं-बसणं, जिने चढणं यात सगळ्यात पुढं गेले ते दोन्ही करणारे. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन हललंच नाही पण चरबी थोडी कमी झाली आणि स्नायू थोडा वाढला. आता ही माणसं रोज काट्यावर उभी राहिली असती तर महिन्याभरात "काही उपयोग नाही" म्हणून घरी बसली असती. आपल्याकडं दर दोन महिन्यांनी कुणीतरी नेमकं याच कारणानं सोडून जातं, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आणि आपल्या भारतीय माणसाला तर काटा आणखीनच फसवतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा २००४ साली एक फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोट पुढं अशी ठेवण आपल्याकडं घरोघरी आहे. म्हणून कार्डावर वजनाच्या वर कमरेचं माप लिहितो. पुरुषांचं ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचं ८० च्या आत हवं. चेन्नईला बॉर्डरवरच्या ५३१ लोकांवर २००६ साली छापलेला अभ्यास झाला होता, त्यात चालणं आणि खाणं सुधारलेल्या गटात डायबेटिसचा धोका साधारण २८ टक्क्यांनी कमी झाला आणि वजन मात्र फारसं उतरलंच नव्हतं. हे वाचल्यावरच मी काटा आत नेला.

हे सगळं मला पुस्तकातनंच कळलं असं नाही. माझे वडील ६६ वर्षांचे असताना त्यांना शुगर निघाली आणि त्यांनी मनानंच रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी सिद्धेश्वर मंदिरापर्यंत चालत जायचे, चार महिन्यांत ९ किलो कमी. गल्लीत सगळे कौतुक करायचे, मी स्वतः फिजिओथेरपी शिकलेली असून मी पण कौतुक केलं. मग एक दिवस पूजेला पाटावर बसले ते उठता येईना, धरून उठवावं लागलं. त्याच्या पुढच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले, मनगट मोडलं. पुढं वर्षभर खुर्चीवरनं उठण्यापासून सुरुवात करून पाय परत तयार केले, आणि त्यातनंच हे सेंटर सुरू झालं.

तर खायचं काय. वजन कमी करायचं असेल तर तेल, साखर, चहाबरोबरची खारी-टोस्ट, रात्रीचा भात यातनं कमी करा, डाळ-उसळ-दूध-अंडं यातनं नको. साठीनंतर किलोला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या मावशींना ६० ते ७० ग्रॅम. आणि आपल्याकडं सकाळी दोन कप चहा आणि टोस्ट, दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, यात निम्मं पण भरत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत ६-७, मटकीच्या उसळीत तेवढंच, पेलाभर दुधात ६-७. शेंगा चटणी बंद करू का असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नका करू. सोलापुरात राहून शेंगा चटणी सोडायची म्हणजे काय, आणि शेंगदाण्यात प्रोटीन चांगलंच असतं, फक्त वर तेल ओतून वाटीभर खाऊ नका, दोन चमचे पुष्कळ. ज्वारीची भाकरी उत्तमच पण दोनच्या जागी एक घ्या आणि उसळ दुप्पट घ्या. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचं आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, तिथं मी सांगितलेलं चालणार नाही.

दुसरं नेहमीचं म्हणणं, "संभाजी तलावावर रोज चक्कर मारतो, फुकट आहे, सेंटर कशाला?" चक्कर चालूच ठेवा, चालणं सोडा असं मी कुणालाच कधी सांगत नाही. हृदयाला, बीपीला, मनाला चांगलंच आहे, आणि जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाललात तर साखर चढते ती कमी चढते, कारण चालू असलेला स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. पण चालण्यानं मांडीचा, पाठीचा, दंडाचा स्नायू राखला जात नाही, त्याला वजन लागतं, रबर बँड लागतो, खुर्चीवरनं हात न टेकता उठणं लागतं. २०१७ च्या एका अभ्यासात वजन कमी करणाऱ्या ६५ वरच्यांचे तीन गट केले होते, एक चालण्या-पळण्यासारखा व्यायाम करणारा, एक वजनं उचलणारा, एक दोन्ही करणारा. दोन्हीवाले सगळ्यात पुढं गेले, आणि ज्यांनी नुसता पहिला प्रकार केला त्यांचा स्नायू सगळ्यात जास्त गेला. घरी करायचं असेल तरी करता येतं, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या आणि भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची पुरते, पहिल्या दिवशी मी सगळ्यांना घरचा तक्ता फुकट देतेच. फक्त अनुभव असा की घरी केलं तर दुसऱ्या आठवड्यात पाहुणे येतात, तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखतो, आणि चौथ्या आठवड्यात तक्ता फ्रिजवर.

बॅच सोम-बुध-शुक्र का आणि दोन दिवसांच्या वर दांडी का चालत नाही, त्याचं पण कारण आहे. व्यायामानं इन्सुलिन चांगलं काम करायला लागतं, पण तो परिणाम एक-दोन दिवस टिकतो, फार तर तीन. मग परत मागे. म्हणून सलग दोन दिवसांच्या वर खाडा नको, मधल्या दिवशी चालणं आहेच. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात निम्मी बॅच गायब असते, ते मी समजते, पण यात्रेत चालणं तरी होतं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, करून आणा, त्याच्या आधी दर आठवड्याला बोट टोचून निराश होऊ नका. सगळं नीट चाललं तर बऱ्याच जणांना गोळीचा तोच डोस जास्त पडायला लागतो, शुगर अधूनमधून खाली जाते, बीपी पण उतरतं, उठताना चक्कर येते. असं झालं तर डॉक्टरांना दाखवा, तेच डोस कमी करतील. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, आणि मी पण कधी सांगणार नाही. छातीत दुखणं, दम लागणं, बीपी हाताबाहेर, डोळ्याच्या पडद्याचा त्रास यातलं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय वजनं देत नाही. पाय बधिर असतील तर चप्पल नको, बूटच.

एप्रिल-मे मध्ये बेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा सातची बॅच सव्वासहाला असते आणि संध्याकाळची बंद. मुलांनो, आईवडिलांना सोडताना पाण्याची बाटली द्यायला विसरू नका.

बॅचमध्ये आठच जण घेतो, म्हणून फी मोठ्या जिमपेक्षा थोडी जास्त वाटते. नववा घेतला तर कोण धाप लागून गप्प बसलंय ते माझ्या लक्षात येणार नाही. पहिली तपासणी फुकट आहे, त्यात कंबर, बीपी आणि ३० सेकंदांत हाताची घडी घालून खुर्चीवरनं किती वेळा उठता ते मोजतो. ६५ ते ६९ वयाचे पुरुष १२ च्या खाली आणि बायका ११ च्या खाली असतील तर पाय कमजोर समजायचे. घरी पण करून बघा, फक्त खुर्ची भिंतीला टेकवून आणि कुणीतरी शेजारी उभं राहून.

येताना शेवटचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, आणि पोटात काहीतरी घालून या. सध्या बुधवारच्या सव्वाआठच्या बॅचमध्ये दोन जागा आहेत.