नोकरीनंतर वकिलीची सनद आणि मध्यस्थाचे काम : गोव्यातील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

बँकेतून, शाळेतून, सरकारी खात्यातून किंवा जहाजावरच्या नोकरीतून मोकळे झालेले अनेक गोमंतकीय पन्नाशीच्या आसपास कायद्याकडे वळण्याचा विचार करतात. बोलताना ते "बॅरिस्टर व्हायचे होते, राहून गेले" असे सहज म्हणतात, म्हणून आधी हा शब्द बाजूला करणे सोयीचे ठरेल. अधिवक्ता कायदा, १९६१ मुळे भारतात न्यायालयात वकिली करण्याचा हक्क असलेल्यांचा एकच वर्ग उरला, तो म्हणजे अधिवक्ता. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झालेल्यांना केवळ त्या आधारावर इथे नोंदणी मिळण्याची सवलत कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, पण ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बारमध्ये प्रवेश मिळालेल्यांपुरतीच आहे. त्यानंतरच्या उमेदवाराची परदेशी कायदा पदवी भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, मान्य केलेली असावी लागते.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. मध्यस्थ, म्हणजे वादातील दोन्ही पक्षांना तडजोडीपर्यंत नेणारा मेडिएटर, होण्यासाठी आधी वकील व्हावेच लागते, असे समजून काही जण केवळ मध्यस्थीच्या ओढीने एलएल.बी.ला प्रवेश घेतात आणि तीन वर्षे खर्ची घालतात. प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र वाटा आहेत. वकिलीच्या अर्जावर तुमच्या आधीच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाला काहीच वजन नसते. मध्यस्थाच्या अर्जावर मात्र तोच अनुभव पात्रता ठरू शकतो. कोणत्या वाटेने जायचे हे ठरवल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

वकिलीची वाट : पदवीपासून सनदेपर्यंत

पदवीधराला तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम करता येतो. गोव्यात मिरामार येथील व्ही. एम. साळगावकर कायदा महाविद्यालय आणि मडगावचे जी. आर. कारे कायदा महाविद्यालय ही गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेली दोन परिचित महाविद्यालये आहेत. कायदेशिक्षण नियम, २००८ प्रमाणे आधीच्या पदवीला सर्वसाधारण प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात. तीस वर्षांपूर्वी "नुसते पास झालो की पुरे" म्हणत पदवी घेतलेल्यांची अडचण बहुधा इथेच सुरू होते, म्हणून सर्वप्रथम जुनी गुणपत्रिका शोधून टक्केवारी काढावी. वयाची भीती मात्र बाळगण्याचे कारण नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी घातलेल्या तीस वर्षांच्या कमाल वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली, आणि पंचेचाळीस वर्षे पूर्ण केलेल्यांना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नाकारणारा नियम तर त्याच न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द ठरवला होता.

नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्यांची खरी कसोटी हजेरीची असते. पत्राचाराने घेतलेली एलएल.बी. सनदेसाठी चालत नाही. अभ्यासक्रम नियमितच हवा, वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेतच घेता येतात आणि नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. शिवाय तीन वर्षांच्या काळात एकूण किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि ती एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत की नाही हे जाहीर करायचे असते आणि नोकरीत असल्यास मालकाचे ना-हरकत पत्र जोडायचे असते. हे पत्र नंतर मिळवू म्हणून पुढे ढकलू नये. पदवी हातात आल्यानंतर "नोकरीत असताना नियमित वर्गाला कसे बसलात?" असा प्रश्न सनदेच्या वेळी निघाला, तर उत्तर देण्यासाठी हाच कागद कामी येतो.

सनदेसाठी गोव्यात स्वतंत्र परिषद नाही. गोव्यातील अर्जदाराची नोंद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या पटावर होते, आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. अर्जदार भारतीय नागरिक असावा, त्याने वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि त्याच्याकडे मान्य कायदा पदवी असावी, या मूळ अटी आहेत. यांपैकी पहिली अट इतर राज्यांत कोणी दुसऱ्यांदा वाचतही नाही. गोव्यात ती घराघरांत लागू पडते. आईवडिलांचा किंवा आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीत झाल्याच्या आधाराने लिस्बनला जन्मनोंद करून ज्यांनी पोर्तुगीज पारपत्र घेतले, त्यांचे भारतीय नागरिकत्व नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ मुळे संपुष्टात येते. परदेशी नागरिकाला नोंदणी मिळू शकते, पण त्याच्या देशात पात्र भारतीयांना वकिली करू दिली जात असेल तरच. ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डधारकांसाठी केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत वकिलीचा उल्लेख आहे, पण तोही संबंधित कायद्याच्या तरतुदींना अधीन राहूनच. म्हणून अशा व्यक्तीने तीन वर्षांची फी भरण्यापूर्वीच परिषदेकडे लेखी विचारणा करून उत्तर हाती ठेवावे.

अपात्रतेच्या बाबी कलम २४-अ मध्ये आहेत. नैतिक अधःपतनाचा समावेश असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या, किंवा तशाच आरोपावरून सरकारी सेवेतून बडतर्फ केलेल्या वा काढून टाकलेल्या व्यक्तीस सनद मिळत नाही. ही अपात्रता सुटकेनंतर किंवा बडतर्फीनंतर दोन वर्षांनी संपते. नियमानुसार निवृत्त झालेल्यांना किंवा राजीनामा देऊन बाहेर पडलेल्यांना याची धास्ती नाही, मात्र चौकशी प्रलंबित असताना सेवा सोडली असेल तर ती गोष्ट अर्जात लपवू नये.

दुसऱ्या व्यवसायातून येणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा एकाच वेळी दोन व्यवसाय करण्याचा आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. धंद्यात स्वतः लक्ष घालून तो चालवणेही चालत नाही. निष्क्रिय भागीदार म्हणून राहता येते, पण तेव्हाही त्या धंद्याचे स्वरूप व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असे राज्य परिषदेला वाटले पाहिजे. पेन्शन म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे निवृत्तिवेतनधारकाला अडचण नाही. डॉक्टरांनी मात्र १९९६ चा डॉ. हनीराज चुलानी विरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल हा निकाल लक्षात ठेवावा. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या शल्यचिकित्सकाला आपल्याच परिषदेने नकार दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. दवाखाना चालू ठेवून काळा कोट घालता येणार नाही, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

सरकारी अधिकाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. न्यायिक अधिकारी, न्यायाधिकरणांचे सदस्य आणि पुरावा नोंदवण्याचा अधिकार असलेली प्राधिकरणे यांच्यावर निवृत्तीनंतर दोन वर्षांचे बंधन असते. निवृत्तीपूर्वीच्या तीन वर्षांत ज्या क्षेत्रात अधिकार चालवला, त्या क्षेत्रात त्या काळात वकिली करता येत नाही. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) कायद्याखालील दावे मामलेदार म्हणून चालवलेल्या अधिकाऱ्याने आपण या व्याख्येत येतो का, हे विचारून घेतलेले बरे. दुसरे म्हणजे, वर्ग अ पदावरून निवृत्त झालेल्यांना पहिल्या वर्षात व्यावसायिक नोकरी स्वीकारण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि सरकारी पदामुळे अशिलाला गैरवाजवी फायदा होईल अशा विषयांतली प्रॅक्टिसही त्यात मोडू शकते.

आता कागदपत्रे. अर्जासोबत साधारणपणे दहावीपासून कायद्याच्या शेवटच्या सत्रापर्यंतच्या सर्व गुणपत्रिका, आधीची पदवी आणि एलएल.बी.ची पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि पॅन, गोव्यातील निवासाचा पुरावा, पांढरा शर्ट, बँड आणि काळा कोट अशा पोशाखातील छायाचित्रे, वकिलांकडून घेतलेले चारित्र्य दाखले, लागू असल्यास जातीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. आधी नोकरी केलेल्यांनी यात राजीनामा स्वीकारल्याचे पत्र, कार्यमुक्तीचा दाखला किंवा निवृत्तीचा आदेश जोडावा. एलएल.बी. आणि अर्ज यांमध्ये काळ गेला असेल, तर त्या काळात काय केले हे सांगणारे प्रतिज्ञापत्र वर्षवार आणि खरे लिहावे. नावाच्या वर्णलेखनाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एकाच माणसाचे आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाने आणि आधारवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असणे गोव्यात नवलाचे नाही. ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडले, तर मुंबईची एक फेरी वाचते.

शुल्काबाबत जुन्या वकिलांनी सांगितलेले आकडे धरून चालू नये. कायद्याने ठरवलेले नोंदणी शुल्क राज्य परिषदेचे ६०० आणि भारतीय परिषदेचे १५० असे एकूण ७५० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी ते १०० आणि २५ असे १२५ रुपये आहे. राज्य परिषदा यावर हजारो रुपये आकारत असत, पण गौरव कुमार प्रकरणात ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांपलीकडे नोंदणीसाठी काहीही घेता येणार नाही असे स्पष्ट केले.

नोंदणी समितीने अर्ज मंजूर केला की सनद मिळते, परंतु प्रवास तिथे संपत नाही. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेणाऱ्यांना अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने या परीक्षेची वैधता मान्य केली आहे. शंभर बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, टिपण न केलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराची पुस्तके, सोबत नेता येतात आणि मराठी माध्यमाचा पर्याय आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ४० टक्के गुण पुरतात. जुन्या नोटांवर विसंबून राहू नये, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे आणि पुस्तक समोर असले तरी त्यातले कलम कुठे आहे हे माहीत असावे लागते. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करणे सक्तीचे नाही. तरीही म्हापसा, फोंडा किंवा केपे येथील न्यायालयात एखाद्या चांगल्या सीनियरच्या मागे दोन वर्षे फायली वाहिल्याशिवाय स्वतंत्र ऑफिस थाटू नये, असे माझे मत आहे. त्या वयात धाकट्या सीनियरला "सर" म्हणणे जड जाते, एवढेच.

मध्यस्थीची वाट

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायालय वाद मध्यस्थीकडे पाठवू शकते. सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आदर्श नियमांत न्यायालयाच्या मध्यस्थांच्या पॅनेलवर घेण्याजोग्या व्यक्तींचे जे वर्ग दिले आहेत, त्यांत निवृत्त न्यायाधीश आणि पंधरा वर्षे वकिली केलेल्यांबरोबर पंधरा वर्षांचा अनुभव असलेले इतर क्षेत्रांतील तज्ज्ञ, तसेच निवृत्त वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि कंपन्यांतील निवृत्त वरिष्ठ अधिकारीही येतात. याचा अर्थ असा की पन्नाशीत सनद घेणाऱ्याला वकील या नात्याने पॅनेलवर यायला पासष्टी गाठावी लागेल, पण अभियंता, सनदी लेखापाल किंवा बँक अधिकारी म्हणून तो कदाचित आजच पात्र असेल. दिवाळखोर ठरलेली किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात आरोपनिश्चिती झालेली व्यक्ती पॅनेलवर येऊ शकत नाही.

अनुभवाला जोड हवी ती प्रशिक्षणाची. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी आणि समेट प्रकल्प समितीच्या आराखड्यात चाळीस तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दहा प्रत्यक्ष मध्यस्थ्या आवश्यक मानल्या आहेत. गोव्यात चौकशी गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उत्तर आणि दक्षिण गोवा जिल्हा प्राधिकरणांकडे करावी. अर्जासोबत सविस्तर परिचयपत्र, शैक्षणिक आणि अनुभवाचे दाखले, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ओळख आणि निवासाचा पुरावा आणि फौजदारी प्रकरण नसल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. येणाऱ्या भाषा अवश्य लिहाव्यात. कोकणी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही बोलणारा आणि वेळेला पोर्तुगीज दस्तऐवज वाचू शकणारा मध्यस्थ इथे फार उपयोगाचा असतो.

तो का, हे इन्व्हेंटरीची, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या प्रक्रियेची, एखादी फाइल पाहिली की समजते. गोव्यात वारसाहक्क आणि मालमत्तेची वाटणी २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्याप्रमाणे होते. पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेमुळे सुनाजावईही वाटणीच्या बोलण्यात येतात, एक वारस पेडण्यात तर दुसरा लंडनमध्ये असतो, आणि भांडण कायद्यापेक्षा आईच्या आजारपणात कोणी काय केले यावर अडलेले असते. एक-चौदाचा (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा) उतारा वाचता येणारा निवृत्त भूमापक किंवा गावातील चार घरांना परिचित असलेली निवृत्त मुख्याध्यापिका अशा ठिकाणी जे साधते, ते कित्येकदा आम्हा वकिलांना साधत नाही.

मध्यस्थी कायदा, २०२३ मुळे या क्षेत्राची रचना बदलत आहे. त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. सगळी एकदम झाली नाहीत, म्हणून एखाद्या कलमावर विसंबण्यापूर्वी ते लागू झाल्याची अधिसूचना पाहावी. या कायद्यात भारतीय मध्यस्थी परिषद, १२० दिवसांची आणि संमतीने आणखी ६० दिवसांची मुदत, ऑनलाइन मध्यस्थी आणि तडजोडीला हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी या तरतुदी आहेत. गावातील शांतता आणि सलोखा बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मंडळाची कल्पनाही त्यात असून, त्यासाठी कायद्याची पदवी नव्हे तर समाजातील प्रतिष्ठा आणि सचोटी पाहिली जाते.

सनद आणि मध्यस्थी दोन्ही करू इच्छिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक प्रकरणातील पक्षकारांची नावे, मालमत्तेचा सर्व्हे क्रमांक आणि आपली भूमिका लिहावी. ज्या वादात मध्यस्थ म्हणून बसलो, त्याच वादात पुढे कोणाचाही वकील म्हणून उभे राहू नये, हा नियम आहे. गोवा लहान आहे. तोच भाट (माडांची बाग) आणि तेच भाऊ पाच वर्षांनी दुसऱ्या दाव्याच्या निमित्ताने तुमच्या ऑफिसात येण्याची शक्यता इथे बरीच असते, आणि तेव्हा वकालतनाम्यावर सही करण्यापूर्वी ही वही उघडून पाहावी लागते.