नच्च-गीत-वादित विरती (अष्टशीलातलं सातवं शील)

नाच, गाणं, वाद्यं आणि खेळतमाशे बघणं यापासून लांब राहायचं जे बौद्ध शील आहे ते अष्टशीलात, म्हणजे आठ शीलांच्या संचात, सातव्या नंबरला येतं. त्याची पाली ओळ चांगलीच लांबलचक आहे, "नच्च गीत वादित विसूकदस्सना माला गन्ध विलेपन धारण मण्डन विभूसनट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि", म्हणजे करमणूक आणि हार-अत्तर-नटणंमुरडणं हे सगळं एकाच शीलात बांधलंय. श्रामणेर म्हणजे नवशिका भिक्खू जी १० शीलं घेतो त्यात याच ओळीचे दोन तुकडे होतात, सातवं करमणुकीचं आणि आठवं साजशृंगाराचं, मग उंच आणि ऐसपैस बिछान्याचं शील नवव्यावर सरकतं आणि सोनं-चांदी न घेण्याचं दहावं नवीन येतं.

हे शील पंचशीलात नाही, ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी कारण बौद्ध असलं की गाणं ऐकायचं नाही का असं विचारणारे बरेच भेटतात. रोजच्या ५ शीलांत हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा एवढंच आहे. गृहस्थ माणूस सातवं शील घेतो ते उपोसथाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही पक्षांतल्या अष्टमीला, तेही साधारण एक दिवस-एक रात्र एवढ्यापुरतंच, नाहीतर मग विहारात किंवा शिबिरात राहायला गेला की तिथे असेपर्यंत. अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहात उपोसथाचं जे वर्णन आहे त्यात उपासक (गृहस्थ अनुयायी) मनाशी म्हणतो की अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, हे आयुष्यभर पाळतात, मी आज हा दिवस आणि ही रात्र त्यांच्यासारखं राहतो. म्हणजे गृहस्थासाठी हा सराव आहे, कायमची बंदी वगैरे काही नाही.

भिक्खूंसाठी मात्र नियम कायमचा. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, त्याची गोष्ट अशी येते की राजगृहात गिरग्गसमज्ज नावाची डोंगरावरची मोठी जत्रा भरायची आणि छब्बग्गिय म्हणजे सहा जणांचं ते खोडकर टोळकं (विनयातले निम्मे नियम यांच्यामुळेच आले असावेत असं वाचताना वाटत राहतं) तिथे तमाशा बघायला गेलं, लोक कुरकुरले की हे श्रमण आमच्यासारखेच मजा मारायला येतात, आणि मग बुद्धांनी नाच-गाणं-वाद्य बघायला जाणं हा दुक्कट म्हणजे हलका दोष ठरवला. भिक्खुणींना हाच गुन्हा पाचित्तिय, म्हणजे दुक्कटाहून जड दोष. गंमत म्हणजे पुढे बुद्धांचे पट्टशिष्य झालेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनाही संसाराचा वीट आला तो याच जत्रेत बसून, असं परंपरा सांगते.

या नियमाचा खरा अर्थ त्याच्या सवलतींमध्ये कळतो. भिक्खुणींच्या नियमाखाली लिहिलंय की आपल्या आवारात उभं असताना दिसलं किंवा ऐकू आलं, आपण जिथे आहोत तिथेच येऊन कोणी नाचलं-गायलं, वाटेने जाताना कानावर पडलं, कामासाठी गेलो आणि दिसलं, किंवा काही संकट आलं, तर दोष नाही. म्हणजे कानात सूर शिरला म्हणून शील मोडत नाही, आपण उठून त्याच्या मागे गेलो की मोडतं. शेजारी लाऊडस्पीकर लागला तर उपासकाने कान झाकून बसायची गरज नाही, पण हेडफोन लावून प्लेलिस्ट उघडली तर तो गेलाच, जागेवरून हलला नाही तरी. मोबाईलमुळे हे जाणं इतकं सोपं झालंय की रील्स, वेबसिरीज, गेम्स सगळं याच्यात धरावं असं आजचे बरेच भंते सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे कारण दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात करमणुकीची जी यादी आहे तिच्यात नाच-गाण्याबरोबर गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम, हत्ती-घोडे-कोंबड्यांच्या झुंजी, कुस्ती, सैन्याच्या कवायती बघणं असं काय काय आहे, आणि त्याच्या लगेच पुढे ८ आणि १० घरांच्या पटावरचे खेळ आणि फासेसुद्धा येतात.

कारण काय, तर ते सगळ्यात स्पष्ट येतं तालपुट या नटांच्या पुढाऱ्याच्या गोष्टीत. त्याने बुद्धांना विचारलं की आमचे जुने गुरू सांगतात रंगमंचावर लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जन्मतो, हे खरं का? बुद्धांनी दोनदा सांगितलं, राहू दे, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा उत्तर दिलं की लोक आधीच आसक्ती, द्वेष, मोह यांनी बांधलेले असतात, नट त्यांना तेच अजून वाढेल असं दाखवतो, स्वतः धुंद होऊन दुसऱ्यांना धुंद करतो, म्हणून तो पहास नावाच्या नरकात जातो. तालपुट रडला, पण म्हणाला की तुमच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही, जुन्या नटांनी इतकी वर्षं फसवलं याचं वाटलं. पुढे तो भिक्खू आणि अर्हत झाला, आणि थेरगाथेत, म्हणजे थेर भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, त्याच्या पन्नासहून जास्त गाथा आहेत ज्यात तो स्वतःच्या चित्ताशीच भांडतो. नट तो नटच, वाचताना अख्खं स्वगत वाटतं.

पण म्हणून पाली ग्रंथ संगीताचे शत्रू आहेत असं म्हणता येत नाही. सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व बुद्धांपुढे वीणा वाजवून चक्क प्रेमगीत गातो आणि बुद्ध त्याच्या तारा आणि गळा किती जुळलाय याचं कौतुक करतात. धम्म आळवून गायला मात्र विरोध आहे आणि त्याचे ५ तोटे दिलेत, गाणारा स्वतःच सुरात गुंततो, ऐकणारेही गुंततात, गृहस्थ नावं ठेवतात, सूर सांभाळायच्या नादात समाधी मोडते आणि पुढची पिढी तेच गिरवते. मग भिक्खूंना शंका आली की साध्या लयीत म्हणायचं तरी का, तेव्हा सरभञ्ञ म्हणजे सस्वर पठणाला परवानगी मिळाली. आजचं परित्राण पठण, म्हणजे रक्षणासाठी सुत्तं म्हणणं, याच सवलतीवर उभं आहे.

महायान या दुसऱ्या मोठ्या बौद्ध परंपरेत तर उलटंच दिसतं, सद्धर्मपुंडरीक सूत्रात स्तूपापुढे ढोल, शंख, बासरी वाजवून पूजा करणारेही बोधीला पोचतात असं म्हटलंय, आणि तिबेटी मठांत भिक्खू स्वतः मुखवटे घालून छाम नृत्य करतात. थेरवादी (पाली ग्रंथांची परंपरा पाळणाऱ्या) श्रीलंकेत कँडीच्या दंतमंदिरात रोज ढोल वाजतात, पण ते वाजवणारे गृहस्थ असतात.

शील मोडलं तर? गृहस्थाला कसलीही शिक्षा नाही, परत घ्यायचं आणि चालू लागायचं. श्रामणेराने पहिल्या ५ पैकी एखादं मोडलं तर त्याचं श्रामणेरपणच जातं, पण सातवं हे नंतरच्या ५ मधलं, त्याला दंडकर्म म्हणून अंगमेहनतीचं काहीतरी काम लावतात आणि प्रकरण तिथेच मिटतं.