सराफ्यातले एक किलो तीनशे ग्राम

परवा पेपरातून एक गुलाबी पँपलेट पडलं, "७ दिवसात ५ किलो, खाणंपिणं सगळं चालू". आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, दोन्हीत माणसाचं नाक वेगळं. ते टाकून देणार होतो पण मग आठवलं की मागच्या नोव्हेंबरात मी स्वतः याहून फार शहाणपणाचं काही केलं नव्हतं. भाच्याचं लग्न फेब्रुवारीत, माझं वजन ८४, आणि मी सगळ्यांसमोर जाहीर करून बसलो की तीन महिन्यात बारा किलो उतरवणार. पोळी बंद, भात बंद, माझी उकडलेली भाजी वेगळ्या पातेल्यात. आई दोन दिवस बघत होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घरात कोणी आजारी आहे का रे?"

पण पहिल्या आठवड्यात २.४ किलो उतरले! मी वहीत तारखेसमोर लाल पेनने लिहून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात फक्त तीनशे ग्राम. मग डिसेंबरच्या एका शनिवारी पुण्याचे पाहुणे आले, आणि इंदूरला येऊन रात्री सराफ्यात (सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचा बाजार भरतो) गेलं नाही तर पाहुणे आले कशाला, म्हणून गेलो. भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), दहीवडा, वर मालपुवा. रविवारी सकाळी काट्यावर १.३ किलो जास्त. बायको म्हणे, "एका रात्रीत महिन्याची मेहनत गेली की तुमची."

गेली का खरंच? साधा हिशोब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी (आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी, ते जाऊ द्या). म्हणजे १.३ किलो चरबी चढवायला रोजच्या गरजेच्या वर दहा हजार कॅलरी खायला लागतील. मी कितीही हात मारला तरी सराफ्यात दोनेक हजाराच्या वर गेलो नसेन. मग उरलेलं वजन आलं कुठून, तर पाणी. आणि पहिल्या आठवड्यात उतरलेले २.४ किलो पण बरेचसे पाणीच होतं, फक्त तेव्हा मला ते विचारावंसं वाटलं नाही.

आता माझा आवडता भाग. आपण पोळी-भात खातो त्याचं ग्लुकोज होतं, ते लगेच लागलं नाही तर शरीर ते ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजची साखळी, करून ठेवतं, यकृतात शंभरेक ग्राम आणि स्नायूंमध्ये चारशेच्या आसपास. क्लॉद बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे ग्लायकोजेन यकृतातून वेगळं काढलं १८५७ साली, म्हणजे इकडे इंदूरच्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला त्याच वर्षी. आता प्रश्न असा की ग्लुकोज सुटंच का नाही ठेवायचं, साखळी करायची उठाठेव कशाला? तर कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, ते परासरण. पाणी जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे ओढलं जातं. पेशीत ग्लुकोजचे सुटे कण भरले असते तर बाहेरचं पाणी आत घुसून पेशी फुटायची वेळ आली असती. म्हणून हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून एकच कण करायचा, पाण्याच्या दृष्टीने हजार नाही, एक. तरीसुद्धा दर ग्रामामागे तीनेक ग्राम पाणी चिकटून राहतंच. म्हणजे पूर्ण भरलेला साठा ५०० ग्राम, त्याचं पाणी दीड किलो, असे दोन किलो आपण सगळे एरवी अंगावर बाळगत फिरतो.

आणि ही साखळी सरळ नसते, फांद्या फुटलेली असते, कारण फांद्या जितक्या तितकी टोकं, आणि ती तोडणारं फॉस्फोरिलेज नावाचं विकर (एन्झाइम) टोकाकडूनच कुरतडतं, म्हणजे घाईच्या वेळी एकाच कणाला एकदम शेकडो ठिकाणी कुरतडता येतं. खाणं कमी झालं की स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन नावाचं संप्रेरक निघतं आणि यकृताचा साठा मोकळा व्हायला लागतो, एक दिवस कडक उपास केला की तो जवळजवळ संपतो. स्नायूंचा साठा मात्र रक्तात येत नाही कारण पेशीबाहेर पडण्याआधी ग्लुकोजवरचा फॉस्फेट काढून टाकणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर स्नायूंकडे नसतंच, तो ज्याचा त्याने वापरायचा. शिवाय पोळी-भात बंद केल्यावर इन्सुलिन खाली येतं, आणि इन्सुलिनचं एक काम मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावणं हे असल्यामुळे ते कमी झालं की सोडियम लघवीवाटे जातं आणि त्याच्यामागे पाणी. (इथपर्यंत वाचून बायकोने फोन परत दिला. हरकत नाही.)

सराफ्यात हीच गाडी उलटी फिरली. कीस आणि मालपुव्याने रिकामा साठा भरला, समजा दीडशे ग्राम, त्याचं पाणी साडेचारशे. मीठ वेगळं. आपल्या रक्तातला खारटपणा साधारण लिटरला नऊ ग्राम मीठ इतका शरीर सांभाळून ठेवतं, म्हणजे मूत्रपिंडांनी ते बाहेर टाकेपर्यंत दर साडेचार ग्राम जादा मिठामागे अर्धा लिटर पाणी अंगात राहणार, आणि शेव, जीरावन मसाला, चटणी धरली तर एका रात्रीत तेवढं मीठ सहज होतं. उरलेलं अजून पोटातच होतं. झाले एक किलो तीनशे.

पँपलेटवाले नेमकं हेच पाणी विकतात. सॉना बेल्टचा (पोटाला गुंडाळायचा गरम पट्टा) घाम म्हणजे पाणी, दोन ग्लास प्यायले की परत. आमच्या ओळखीत एक काकू वजनासाठी चुंबकाची अंगठी पायात घालतात, त्याने काय होतं विचारलं तर म्हणे फरक पडतो. आणि गरम पाण्यात लिंबू-मध घेऊन चरबी विरघळत नाही हो, मधाचा मोठा चमचा म्हणजे उलट साठेक कॅलरी आत.

मग चरबी किती वेगाने जाते? माझ्या बारा किलोचा हिशोब मांडला तर नव्वद दिवस रोज हजाराच्या वर कॅलरी कमी, म्हणजे अर्ध्या जेवणावर राहायचं. डॉक्टर साधारण सहा महिन्यात वजनाच्या ५ ते १० टक्के म्हणतात, माझे पाच टक्के म्हणजे ४.२ किलो. ऐकायला फुसकं वाटतं. पण अमेरिकेत २००२ साली मधुमेह टाळण्याच्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला, त्यात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच लक्ष्य होतं, आणि त्या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं.

अजून एक गोची, वजन उतरतं तसा शरीराचा खर्च पण उतरतो, म्हणून सरळ गुणाकार चालत नाही. केविन हॉल नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं गणित मांडलं: रोजच्या खाण्यातून कायमचे २४ कॅलरी कमी केले की शेवटी एक किलो उतरतो, पण त्यातला अर्धा व्हायला एक वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळा व्हायला तीन.

हे वाचल्यावर मी वेगळं पातेलं बंद केलं आणि तेलाच्या डब्याकडे वळलो. आम्ही घरात चौघं, महिन्याला पाच लिटर तेल. म्हणजे माणशी रोज ३८ ग्राम, ३४० कॅलरी. चार लिटरवर आणलं तर माणशी ६८ कॅलरी कमी. भागिले २४, म्हणजे बाकी खाणं तेच ठेवून पावणेतीन किलोच्या आसपास, मला पण आणि बायकोला पण, कोणी डाएटचं नाव न काढता. अडचण एकच, आई बुधलीतून फोडणीला तेल सोडते ते हाताच्या अंदाजाने, आणि पन्नास वर्षांच्या हाताला चमचा दाखवायचा कसा? शेवटी बायकोने युक्ती केली, बुधलीत रोज सकाळी १३५ मिली मोजून ओतायचं, संध्याकाळी संपलं की संपलं. पहिले चार दिवस रात्रीच्या भाजीला कोरडेपणा आला, मग आई आपोआप सकाळी हात राखायला लागली. पोह्यांचं बरं आहे, आपल्याकडे ते वाफेवरच असतात, त्रास वरच्या शेवेचा. शेव शंभर ग्रामला साडेपाचशे कॅलरीच्या आसपास जाते, म्हणून ती आता डब्यातून थेट नाही, वाटीतून.

लेक अकरा वर्षांची आहे, थोडी गुबगुबीत. तिला काट्यावर उभं करायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. वाढत्या वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचं नसतंच, ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी पुष्कळ होतं. तिच्यासाठी वेगळं काही शिजत नाही, जे ताटात आहे तेच सगळ्यांना.

मी मात्र रोज उभा राहतो, सकाळी चहाच्या आधी, आणि वहीत सात दिवसांची सरासरी काढतो, कारण एका दिवसाच्या आकड्यात चरबी कमी आणि पाणीच जास्त बोलतं. बायकोच्या वहीत तर महिन्यातले काही दिवस वजन आपसूक वर जातं, पाळीच्या आसपास पाणी साठतं म्हणून, आधी ती त्या दिवसात रडकुंडीला यायची. लग्नात मी ८१.९ होतो, जुना सूट पोटावर लागला नाही, खांद्यात सैल शिवलेला होता म्हणून बरं. आत्ता मार्चअखेर सरासरी ८१.१. सराफा महिन्यातून एकदा चालू आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई काटा पलंगाखाली सरकवून ठेवते आणि विचारलं तर म्हणते, झाडताना गेला असेल.