मॅटेलची खेळणी: सगळं खापर चीनच्या डोक्यावर?

चिनी कारखानदारांनी विषारी रंग फासला आणि त्यापायी मॅटेल या अमेरिकी कंपनीला २००७ साली दोन कोटींच्या आसपास खेळणी परत मागवावी लागली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे अर्धवट आहे.

शिसं असलेला रंग खराच होता. 'सार्ज' नावाच्या खेळण्यातल्या मोटारीवर तो सापडला, इतरही काहींवर. पण अशी खेळणी होती साधारण २२ लाख. बाकीची, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख, परत मागवली ती लोहचुंबकामुळे. 'पॉली पॉकेट'सारख्या छोट्या बाहुल्यांच्या संचातले इवलेसे चुंबक सुटून पडायचे. मुलाने एक गिळला तर बहुधा शौचावाटे निघून जातो. दोन गिळले तर आतड्याचे पदर मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. आता चुंबक कसा बसवायचा, हे ठरलं होतं मॅटेलच्याच आराखड्यात. कारखान्याने बरहुकूम काम केलं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा!

२१ सप्टेंबर २००७ रोजी मॅटेलचे वरिष्ठ अधिकारी थॉमस डेब्राउस्की यांनी बीजिंगला जाऊन जाहीर माफी मागितली. बहुतांश खेळण्यांत दोष आमच्याच रचनेचा होता, अशी कबुलीही दिली. पण तोवर 'चिनी विषा'चा बोभाटा जगभर होऊन चुकला होता.

रंगाच्या भानगडीत सापडलेला एक कारखाना तर मॅटेलला सुमारे पंधरा वर्षं माल पुरवत होता. तिथे मात्र तपासणी ढिली पडली ती जुन्या भरवशाने.