लाल कूज, एल्मचा रोग आणि वेस्टरडाइकबाई

लाल कुजीचा ऊस कसा ओळखायचा, हे कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला वेगळं सांगायला नको. उभा चिरला की गाभा लाल, मधे आडवे पांढरट पट्टे आणि आंबूस वास. हा रोग एका बुरशीमुळे होतो. ही बुरशी १८९३ मध्ये जावा बेटावर नोंदवली गेली. नोंदवणारे डच शास्त्रज्ञ एफ. ए. एफ. सी. वेंट पुढे नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१७ मध्ये त्याच विद्यापीठात योहाना वेस्टरडाइक (१८८३–१९६१) वनस्पती-रोगशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्या देशातल्या पहिल्या महिला प्राध्यापक त्याच. (शाहू महाराजांचा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा.)

बाईंना खरं तर पियानोवादक व्हायचं होतं, पण हाताच्या दुखण्यानं ते राहिलं. १९०६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲमस्टरडॅममधल्या वनस्पती-रोग प्रयोगशाळेची सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी जिवंत बुरशींचा एक छोटा संग्रहही त्यांच्या ताब्यात आला. नमुने जेमतेम ८०. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. वाळवून कागदात ठेवलेल्या बुरशीची ओळख पटते, पण तिनं झाड आजारी पाडून पाहता येत नाही. उसाचं वाण लाल कुजीला कितपत टिकतं हे तपासताना आजही कांडीला भोक पाडून आत बुरशीचे जिवंत बीजाणू सोडतात आणि भोक बुजवतात. बुरशी अशी जिवंत ठेवायची तर नळीतून नळीत सतत नवं खाद्य द्यावं लागतं. बाईंनी ते पन्नासएक वर्षं करवून घेतलं आणि संग्रह दहा हजारांवर नेला.

१९१३ मध्ये त्या स्वतः जावा-सुमात्राला जाऊन तिथल्या पिकांचे रोग पाहून आल्या. १९२० मध्ये प्रयोगशाळा बार्न गावातल्या बंगल्यात हलली. बंगल्याचं नावही ‘व्हिला जावा’!

तोवर युरोपात रस्त्याकडेचे एल्म वृक्ष, आपल्या वावळ्याच्या कुळातले, पटापट वाळू लागले होते. कोणी महायुद्धातल्या विषारी वायूला दोष देई, कोणी दुष्काळाला. बाईंची विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स हिनं १९२२ मध्ये त्यामागची बुरशी दाखवून दिली. जर्मन शास्त्रज्ञांना ते पटेना. मग दुसरी विद्यार्थिनी क्रिस्टीन बाउसमन हिनं १९२७ मध्ये निरोगी झाडांना ती बुरशी टोचून वाद मिटवला. टोचणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाड जोमात वाढत असताना करायची, ही त्यातली मेख. एवढं करून जगानं नाव काय दिलं, तर ‘डच एल्म रोग’. म्हणजे शोधणाऱ्याच्याच माथी रोग मारला.

बाईंच्या हाताखाली ५६ जणांनी डॉक्टरेट केली. त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. प्रत्येक पदवीची मेजवानी व्हायचीच, कारण काम आणि जल्लोष दोन्हींतून माणूस घडतो असं त्यांचं ब्रीदच होतं. बुरशींचा तो संग्रह सांभाळणाऱ्या उट्रेख्टमधल्या संस्थेला २०१७ पासून त्यांचं नाव आहे.