कुऱ्हाडीचा घाव: माइक जवळ नेला म्हणजे दम येत नाही

गेमसाठी कुऱ्हाडीच्या घावाचा आवाज रेकॉर्ड करताना माइक जितका जवळ तितका घाव दमदार, हा समज जुना आणि चुकीचा. वीतभर अंतरावरून कोरडा ‘टक्’ तेवढा मिळतो, आवाजाचं शिखर, म्हणजे त्याचा सर्वांत मोठा क्षण, छाटलं जाऊन आवाज फाटतो. ढलपी माइकवर उडते ती वेगळीच. माइक दीड-दोन मीटरवर, जरा बाजूला ठेवा. सर्वांत मोठा घाव रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका; शून्य ही मीटरची कमाल मर्यादा.

दम येतो तो थरांतून, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकावर एक चढवून. ओंडक्याचा जड ठोका, त्यावर सुकी काटकी किंवा सेलरीचा दांडा मोडल्याची कडकड, मागून ढलप्या पडल्याचा आवाज. कडकड ठोक्याच्या किंचित मागे सरकवा, नाहीतर दोन्ही एकमेकांत बुडतात. ओंडका मातीवर ठेवा; पोकळ फळ्यांवर ठेवलात तर जमीनच घुमते.

गेममध्ये तोच घाव पुन्हा वाजला की कान लगेच ओळखतो. निदान ५-६ वेगळे घाव हवेतच.